एकेचाळिसावी चिठ्ठी

१

चिठ्ठ्या कोणी ठेवल्या हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कार्डवालीने ठेवल्या. चाळीस. मोजून.

तिच्याखेरीज ही गोष्ट कोणालाच माहीत नाही, अशी त्या सकाळी तिची समजूत होती.

अकरा वाजता छोट्या प्रेक्षागृहातले दिवे मालवले. बारा रांगा, दर रांगेत दहा खुर्च्या, आणि त्यांवर कॉलेजांतून, कचेऱ्यांतून, दुकानांतून गोळा करून आणलेली एकशेवीस माणसं. पुढच्या महिन्यात लागणाऱ्या सिनेमाची ही चाचणी होती. सिनेमा दोन जादूगारांचा. एकाचा डगला लाल, दुसऱ्याचा काळा, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लाल डगल्याचा सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे पेटीत बसून स्वतःला जमिनीत पुरून घ्यायचं आणि दहा मिनिटांनी प्रेक्षकांच्या मागून चालत यायचं. एक दिवस तो येतच नाही. पेटीचं आतून उघडणारं नकली कुलूप काढून कोणीतरी खरं लावलेलं असतं. आळ येतो पेटी सांभाळणाऱ्या नोकरावर. त्याला जन्मठेप होते. काळा डगला आपल्या वैऱ्यासाठी सिनेमाभर रडतो, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला कळतं की कुलूप त्यानेच बदललं होतं.

चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर काळ्या डगल्याने टेबलावरचं कुलूप सहज हातात घेतलं. आठव्या रांगेतून आवाज आला, "हाच तो! निघाला बघा कुलूप बदलायला!"

हशा झाला. मग कुजबुज. मग पुढचे पावणेदोन तास ती कुजबुज थांबलीच नाही.

खेळ संपल्यावर खुर्च्यांवरच्या पाट्या गोळा केल्या. दर पाटीवर खुर्चीचा नंबर, चिमट्याने अडकवलेलं एक कार्ड आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. प्रेक्षकाने सिनेमा बघून कार्ड भरायचं, अशी पद्धत. काही पाट्यांवर कार्डाखाली आणखी एक छापील चिठ्ठी निघाली: 'लाल डगल्याचं कुलूप काळ्या डगल्यानेच बदललं.' अशा सदतीस चिठ्ठ्या मिळाल्या. उरलेल्या लोकांच्या खिशातून गेल्या असतील तर देव जाणे.

सिनेमाचा निर्माता हा दिग्दर्शकाचा सख्खा मामा. त्यामुळे झाडणाऱ्यापासून नटीपर्यंत सगळेच त्याला मामा म्हणत.

"मला मामा म्हणता म्हणून मामाच बनवायचं ठरवलंत का?" सदतीस चिठ्ठ्या टेबलावर आपटून तो म्हणाला. कोणी हसलं नाही. "पाच वाजता मी नाव ऐकणार. ज्याने हे केलं त्याचं या सिनेमातून नाव जाणार आणि या धंद्यातूनही जाणार. प्रोफेसर, तुम्ही बाहेरचे. तुम्ही शोधा."

प्रोफेसर म्हणजे सिनेमातल्या जादूच्या प्रयोगांसाठी नेमलेला म्हातारा जादूगार. शाळेत सातवीला तीनदा नापास झालेला. प्रोफेसर ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती.

"मला एक मदतनीस लागेल," तो म्हणाला. "लिहून घेणारा. सरळ डोक्याचा."

"कार्डवालीला घ्या," मामा म्हणाला. "ती नुसती मोजते. तिला कशात रस नाही."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा. कार्डवालीने वही उघडली आणि पेन्सिल धरली. कोऱ्या पानावर तारीख घातली.

२

कार्डवाली विज्ञानाची पदवीधर होती, सांख्यिकीची. लोकांची मतं मोजून त्यांची सरासरी काढणं हे तिचं काम. ते तिला मिळवून दिलं होतं संकलन करणाऱ्या ताईंनी. आठ महिने ती ताईंच्या खोलीशेजारच्या खोलीत बसत होती, आणि आठ महिने पातळ भिंतीपलीकडून एकच भांडण ऐकत होती.

भांडण एका दृश्यावरून होतं. काळा डगला कुलूप हातात घेतो ते दृश्य किती वेळ ठेवायचं? दिग्दर्शक म्हणे एक सेकंद. ताई म्हणत चार.

"चार सेकंद दाखवलं तर लोक ओळखतील!"

"ओळखू देत की. मी तर म्हणते पहिल्याच दृश्यात सांगून टाका. मग बघा, त्याचं प्रत्येक रडणं कसं अंगावर येतं ते."

"ताई, शेवटचा धक्काच काढून घेतला तर जादूगाराचा सिनेमा करायचा कशाला? टोपीतला ससा आधी दाखवून मग टोपी पुढे करायची?"

"धक्का एकदाच बसतो रे बाबा. दुसऱ्यांदा तिकीट काढून येतो तो हात बघायला येतो."

कार्डवालीला नवल वाटायचं. जी गोष्ट मोजता येते तिच्यावरून माणसं भांडतात कशाला? एकशेवीसपैकी चाळीस जणांना शेवट आधी सांगायचा, ऐंशींना नाही, आणि दोन्ही गटांची कार्डं ताडून बघायची. इतकं सोपं. विचारलं असतं तर कोणी परवानगी दिली नसती. म्हणून तिने विचारलं नाही.

आता तीच हातात वही घेऊन प्रोफेसरच्या मागे चालत होती.

पहिला नंबर ऑपरेटरचा लागला. सिनेमाचं यंत्र चालवणारा हा माणूस. प्रेक्षागृहाची किल्ली त्याच्याकडे.

"पाट्या काल संध्याकाळी ताई... नव्हे, या कार्डवालीबाईंनी मांडल्या," तो म्हणाला. "मी कुलूप लावलं. सकाळी साडेआठला सरांनी किल्ली नेली, आवाज तपासायला. नऊला ताईंनी नेली, पडद्यावरचा रंग बघायला. दोघं एकेकटेच होते आत. मी बिडी ओढायला... म्हणजे, मी बाहेर होतो. खरं तर मी दाराशीच थांबायला हवं होतं, प्रोफेसर. चूक माझीच म्हणायची."

"तुम्हाला शेवट कसा वाटतो? धक्क्याचा?"

"मी यंत्राशेजारी उभा राहून तो चौदा वेळा पाहिलाय. धक्का कसला बसणार? पण त्या नोकराला पोलीस नेतात ना, तिथे मी हल्ली खिडकीतून बाहेर बघतो."

दिग्दर्शकाला सगळे सर म्हणत. तो पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता.

"मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन?" तो उसळला. "हे कोणाचं काम आहे ते आंधळ्यालाही दिसेल. परवा सगळ्यांसमोर कोण ओरडलं होतं, 'सांगून टाका त्यांना आधीच' म्हणून?"

"म्हणजे ताई."

सरने इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी नाव घेतलेलं नाही. तुम्ही घेतलंत."

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच. कार्डवालीच्या खोलीत पाणी प्यायला गेलो होतो, ही नव्हती तिथे. मग घरी."

कार्डवालीने ते लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत प्रोफेसरने तिला प्रेक्षागृहाचा नकाशा काढायला सांगितला: बारा रांगा, दहा खुर्च्या, आणि चिठ्ठी जिथे जिथे होती तिथे फुली. तिने पट्टी घेऊन रेघा मारल्या, वहीतून पाहून फुल्या काढल्या, सगळ्या मोजून पाहिल्या. बरोबर होत्या. तेवढ्या वेळात तिला बरं वाटलं. चौकटी कधी माणसाकडे रोखून बघत नाहीत.

सकाळची कार्डंही तिथेच पडली होती. सर्वांत वरच्या कार्डावर कोणीतरी लिहिलं होतं: 'शेवट मला आधीच कळला होता. त्यामुळे तो हसत हसत कुलूप उचलतो तिथे मी डोळे मिटून घेतले.'

ती ते दुसऱ्यांदा वाचत होती तेवढ्यात जिन्यावरून मामाचा आवाज गडगडला.

"सापडली! ताईंच्या ड्रॉवरमध्ये सापडली!"

३

संकलनाची खोली लहान होती. दोन पडदे, एक टेबल, एक उशी लावलेली खुर्ची. मामाने सगळ्या खोल्यांतले ड्रॉवर उघडायचा सपाटा लावला होता आणि इथल्या दुसऱ्याच ड्रॉवरमध्ये घबाड हाती लागलं होतं. पेनं, डोकेदुखीच्या गोळ्या, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेली कात्री, आणि तिच्याखाली ती चिठ्ठी.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मामा म्हणाला. "प्रोफेसर, तुमची सुट्टी झाली."

"पाच वाजेपर्यंत वेळ दिलाय तुम्ही मला," प्रोफेसर शांतपणे म्हणाला आणि चिठ्ठी कार्डवालीकडे दिली. "ही पण नोंदव."

कार्डवालीने चिठ्ठी वाचली. मजकूर तोच, अक्षर तेच. पण तिने ती उलटली तेव्हा मागे निळ्या शाईत छापलेलं अर्धवट वाक्य होतं: '...वट कसा वाटला?' खाली दोन रिकामे चौकोन.

बाकीच्या चिठ्ठ्या कोऱ्या कागदावर होत्या. एका पानावर आठ, अशी पाच पानं. पण त्याआधी अक्षराचा आकार बघायला तिने एकच चिठ्ठी छापून पाहिली होती, मागच्या चाचणीच्या उरलेल्या कार्डाच्या पाठीवर. आकार पाहून झाल्यावर ती तिने आपल्या खोलीतल्या टोपलीत टाकली होती.

म्हणजे ही एकेचाळिसावी. प्रेक्षागृहात ही कधी गेलीच नव्हती. कोणीतरी ती टोपलीतून उचलून ताईंच्या ड्रॉवरमध्ये आणली होती. ताईंनी चिठ्ठ्या ठेवल्या नव्हत्या याचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता. आणि हा पुरावा वाचता येणारं माणूस जगात एकच होतं. त्याने तोंड उघडलं की त्याचाच गळा कापला जाणार होता.

"ताई," प्रोफेसर म्हणाला, "ही इथे कशी आली?"

ताई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांचे केस कानांपाशी पांढरे झाले होते, आणि त्या दिवशी ते जास्तच दिसत होते. "माझ्या ड्रॉवरमध्ये सापडली ना? मग झालं तर."

"तुम्ही ठेवल्यात चिठ्ठ्या?"

"तुम्ही शोधताय ना? शोधा."

प्रोफेसर मामाला घेऊन बाहेर गेला. कार्डवाली दाराशी घुटमळली.

"ताई, तुम्ही नाही म्हणून का सांगत नाही? तुम्ही ठेवल्याच नाहीत!"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लावायला तिला पुढे कितीतरी दिवस लागले.

"तुला गं काय माहीत, मी ठेवल्या नाहीत ते?"

कार्डवालीने वही मिटली.

"तू घरी जा," ताई म्हणाल्या. "डोकं दुखतंय म्हणून सांग. गोळी देऊ? आणि पाच वाजता इकडे फिरकू नकोस. ऐक माझं."

आपण केलेल्या पापाची शिक्षा भोगणारं माणूस आपल्यालाच डोकेदुखीची गोळी देऊ करतं, याहून वाईट काही असतं का? कार्डवाली 'नको' म्हणाली आणि जवळजवळ पळतच जिना उतरली.

खाली, रिकाम्या प्रेक्षागृहात, सहाव्या रांगेत प्रोफेसर एकटाच बसला होता. मांडीवर तिचा नकाशा होता.

"ये," तो मान न वळवता म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो."

४

"मी चाळीस वर्षं लोकांना 'कोणताही एक पत्ता काढा' म्हणत आलो," प्रोफेसर म्हणाला. "माणूस कधी कोणताही पत्ता काढत नाही. टोकाचा टाळतो, मधला टाळतो. खुर्च्यांवर चिठ्ठ्या टाकायला सांग, इथे एक, तिथे एक, सगळीकडे सारख्या टाकेल. आता हे बघ. सहाव्या रांगेत सलग पाच फुल्या. तिसऱ्या रांगेत एकही नाही. हे हाताचं काम नव्हे. हे डब्यात नंबर घालून, हलवून काढल्याचं काम आहे. आणि जे निघालं ते जसंच्या तसं पाळणाऱ्याचं. मी असतो तर तिसऱ्या रांगेत दोन तरी सरकवल्या असत्या."

कार्डवालीने दाराकडे पाहिलं. बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा तिच्या खोलीत अजून टेबलावरच होता.

"दुसरं. ज्याला खेळ बिघडवायचा असतो तो एकशेवीस चिठ्ठ्या ठेवतो. चाळीस ठेवणाऱ्याला बिघडवायचं नव्हतं. त्याला काहीतरी कळून घ्यायचं होतं."

"प्रोफेसर..."

"तिसरं राहिलं." त्याने नकाशा तिच्या हातात दिला. "चिठ्ठ्या सापडल्या सदतीस. तू फुल्या काढल्यास चाळीस."

तिने पाहिलं. तीन फुल्या जास्त होत्या. तीन माणसं चिठ्ठ्या खिशात घालून गेली होती, त्यांच्या खुर्च्यांवरही तिने फुल्या काढल्या होत्या. वहीत ज्या होत्या त्या सगळ्या. अपुरी यादी तिच्या हाताला जमतच नव्हती.

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. प्रोफेसरने खिशातून रुमाल काढला. त्याला दुसरा रुमाल बांधलेला निघाला, त्याला तिसरा. "माफ कर, सवय," तो म्हणाला आणि पहिला सोडवून तिला दिला.

"मला वाटलं होतं, ज्याची चिठ्ठी त्याने वाचायची, गप्प बसून बघायचं आणि कार्ड भरायचं," ती हुंदके देत म्हणाली.

"कोणत्या देशातली माणसं आणणार होतीस त्यासाठी?" प्रोफेसर हसला. "माणसाच्या हातात गुपित पडलं की ते शेजाऱ्याला दाखवेपर्यंत त्याला दम निघत नाही. तुझ्या चाळीस चिठ्ठ्या शंभर जणांनी तरी वाचल्या असतील."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे दोन गट राहिलेच नव्हते. म्हणजे ती सगळी कार्डं रद्दी होती. ताईंचं नाव जाणार होतं, आणि तेही कशासाठी, तर ज्यातून काहीच कळणार नाही अशा आकड्यांसाठी.

"आणि ड्रॉवरमधली चिठ्ठी?" तिने डोळे पुसले. तिने त्याला टोपलीची आणि कार्डाच्या पाठीची हकिगत सांगितली. "कोणीतरी ती मुद्दाम तिथे ठेवली, प्रोफेसर. ताईंना अडकवायला. काल माझ्या मागे सर खोलीत आले होते. ते स्वतःच म्हणाले."

प्रोफेसरने उरलेले दोन रुमाल सोडवून मांडीवर ठेवले.

"तुला एक सांगतो. मी तरुण होतो तेव्हा माझा एक वैरी होता. सिनेमातल्यासारखा नाही, साधाच. मी एकदा त्याच्या खेळाला प्रेक्षक म्हणून गेलो आणि भर सभागृहात ओरडलो, 'डाव्या बाहीत आहे!' त्याने पुन्हा कधी खेळ केला नाही. दहा वर्षांनी मी माफी मागायला गेलो. त्याने चहा केला, माफ केलं. तिथे थांबायचं. पण मला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं ना! मी म्हटलं, मला ते बाहीचं तुझ्या बायकोने सांगितलं होतं." त्याने रुमालाची टोकं बोटांत गुंडाळली. "हे त्याने विचारलं नव्हतं."

"मग?"

"मग चहा निवला. पाच वाजता जा. चिठ्ठ्या मी ठेवल्या, एवढं सांग आणि गप्प बस. शेवटाला जास्तीचा खेळ जोडू नकोस."

"पण ती एक चिठ्ठी? ती कोणी ठेवली हे कळायला नको?"

"कोणाला?" प्रोफेसरने विचारलं.

तिने नकाशाची घडी घातली. प्रश्न तिला पटला नाही.

५

पाच वाजता मामाच्या खोलीत पाच माणसं होती. मामा टेबलामागे, सर खिडकीशी, ताई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत, दाराशी ऑपरेटर, आणि कोपऱ्यात प्रोफेसर. टेबलावर टाइप केलेलं एक पत्र होतं. उलटं दिसत असूनही कार्डवालीला त्यातलं ताईंचं नाव वाचता आलं.

तिला दारात पाहून ताई दचकल्या. "तुला घरी जायला सांगितलं होतं ना मी?"

"चिठ्ठ्या मी ठेवल्या," कार्डवाली म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं: डबा, नंबर, चाळीस खुर्च्या, दोन गट. सांगताना तिचा आवाज आश्चर्य वाटावं इतका सरळ होता. मामा आधी लाल झाला, मग पांढरा.

"म्हणजे माझ्या सिनेमाची तू प्रयोगशाळा केलीस?"

"हो."

"चालती हो. उद्यापासून दिसू नकोस." त्याने टेबलावरचं पत्र उचललं, ताईंकडे पाहिलं, कानशील खाजवलं. "ताई, माझी... म्हणजे, झालं गेलं विसरून जा." पत्राचे दोन तुकडे झाले. मग चार.

खिडकीशी सरने जोराने श्वास सोडला. तो ताईंपाशी येऊन खाली बघत म्हणाला, "सॉरी. मी सकाळी तुमच्याकडे बोट दाखवलं." प्रोफेसर उठला. "चला," तो म्हणाला, जरा घाईनेच. "संपलं. चहा कोण पाजतंय?"

तेव्हाच थांबली असती तर.

"एक राहिलं," कार्डवाली म्हणाली.

"पोरी," प्रोफेसर पुटपुटला.

पण तिच्या डोक्यात एकेचाळीस हा आकडा ठुसठुसत होता. तिने वहीतून ती चिठ्ठी काढली, उलटी करून टेबलावर ठेवली. "ही चाळीसातली नाही. ही माझ्या टोपलीतली आहे. कोणीतरी ती उचलून ताईंच्या ड्रॉवरमध्ये टाकली, त्यांच्यावर आळ यावा म्हणून. काल संध्याकाळी मी पाट्या मांडत असताना माझ्या खोलीत एकच माणूस गेला होता." ती वळली. "सर, तुम्ही."

सरचं तोंड उघडंच राहिलं. "मी? मी पाणी प्यायला गेलो होतो!"

"माझा भाचा?" मामा उभा राहिला. "माझ्या बहिणीचा मुलगा? ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांच्याच मुळावर उठला? अरे, भांडावं माणसाने, पण हे असलं?"

"मामा, मी नाही! शपथेवर सांगतो!"

"तोंड दाखवू नकोस मला!"

"त्याने नाही," ताई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की मामाला पुन्हा विचारावं लागलं.

"त्याने नाही केलं. ती चिठ्ठी मीच उचलली." त्यांनी पर्स उघडली, मिटली. "काल कात्री आणायला हिच्या खोलीत गेले होते. टोपलीबाहेर पडली होती ती. वाचली आणि सगळं लक्षात आलं. प्रेक्षागृहाच्या दारातून पाहिलं तर ही खाली वाकून एकेका कार्डाखाली काहीतरी सरकवत होती, वहीत बघून बघून. थांब म्हटलं असतं तर थांबली असती. दहा पावलांवर होते मी."

कात्री. दांड्याला लाल दोरा गुंडाळलेली. तो दोरा कार्डवालीने स्वतः गुंडाळला होता, कात्री कोणी नेली तर ओळखू यावी म्हणून. दुपारी त्या ड्रॉवरमध्ये तिने ती पाहिली होती, आणि तिच्याखालची चिठ्ठीही. आणि 'तू घरी जा' हे ऐकलं होतं, आणि गोळी नको म्हटली होती.

"तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं?" मामाचा आवाज बसला होता. "आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"मला बघायचं होतं," ताई म्हणाल्या. "आठ महिने भांडत होते. मलाही बघायचं होतं, कोण बरोबर ते. हिच्या खांद्यावर बंदूक ठेवली मी. म्हणून म्हटलं, नाव जायचं तर माझंच जाऊ दे."

मामाने पत्राचे चार तुकडे टेबलावर पुन्हा जुळवले. "हिला अक्कल नव्हती," तो म्हणाला. "तुम्हाला होती. तुम्हाला कसं सोडू, ताई? तुम्हीच सांगा."

ताई पर्स घेऊन उठल्या. मामाने ऑपरेटरला खूण केली आणि पत्र पुन्हा टाइप करून आणायला पाठवलं.

जिन्यात कार्डवालीने त्यांना गाठलं. तिला पाया पडायचं होतं, माफी मागायची होती, काहीतरी म्हणायचं होतं. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. रागाने नाही, राग असता तर सोपं गेलं असतं.

"अगं, ती एक चिठ्ठी तशीच राहिली असती," त्या म्हणाल्या, "तर कोणाचं काय अडलं असतं?"

६

सिनेमा पुढच्या महिन्यात लागला. पहिल्या आठवड्यात कार्डवालीची हिंमत झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं, इतर कोणीही काढतं तसं, रांगेत उभं राहून.

सुरुवातीची नावं तिने श्वास रोखून वाचली. संकलन या शब्दाखाली तिला माहीत नसलेलं एक नाव होतं. ताईंचं नाव शेवटच्या आभारांच्या यादीतही नव्हतं; ते तिला अडीच तासांनी कळणार होतं.

शेजारी एक बाई आपल्या मुलीबरोबर आल्या होत्या. त्या मन लावून बघत होत्या, लाल डगला जमिनीखालून परत आला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. काळ्या डगल्यावर त्यांचा जीव जडला होता हे त्यांच्या उसाशांवरून कळत होतं. "बिचारा किती साधा आहे गं," त्या मुलीला म्हणाल्या.

चाळिसावं मिनिट आलं. टेबलावर कुलूप होतं. काळ्या डगल्याचा हात पुढे झाला.

कार्डवाली सवयीने मोजू लागली. एक. आता दृश्य बदलेल, सर जिंकला असणार, जिंकायचाच. दोन. बदललं नाही. तीन. हात कुलपावरून फिरला, अंगठा थांबला. तिला पडद्याच्या कडेला तो पातळ भिंतीपलीकडचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, 'बघा मग, कसं अंगावर येतं ते.' सरने ते ताई म्हणत तसंच ठेवलं होतं. नाव काढायला लावलं होतं मामाने. हे मात्र कोणी काढलं नव्हतं.

चार मोजायच्या आधीच तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

कोपराला हलकासा धक्का लागला. शेजारच्या बाई काळजीने तिच्याकडे वाकल्या होत्या.

"काय गं, काय झालं?" त्या कुजबुजल्या. "अजून तर काहीच झालेलं नाही."